पन्नास लेकांचा बाप

ट्रॉयच्या राजवाड्याचं वर्णन होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या सहाव्या सर्गात जाता जाता येतं. राजपुत्र हेक्टर लढाई सोडून आईला भेटायला वाड्यात शिरतो, तेवढ्यात होमर सांगून टाकतो की आत घोटीव दगडाच्या पन्नास खोल्या होत्या, एकीला लागून एक, आणि तिथं राजा प्रायमचे मुलगे आपापल्या बायकांसह निजत. अंगणाच्या पलीकडच्या बाजूला आणखी बारा खोल्या, त्या लेकी-जावयांच्या. म्हणजे जावईसुद्धा घरातच ठेवून घेतलेले. पन्नासांपैकी एकोणीस मुलगे पट्टराणी हेक्युबाच्या पोटचे, बाकीचे वाड्यातल्या इतर बायकांचे. हा हिशेब पुढे प्रायम स्वतःच्याच तोंडून देतो, तेव्हा त्यातले बहुतेक मेलेले असतात.

ट्रॉयचं युद्ध म्हटलं की आपल्याला ग्रीकांचा वीर अकिलीस आठवतो, लाकडी घोडा आठवतो, हेलन तर आठवतेच. प्रायम म्हणजे तटावर बसलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा. मला मात्र वयाबरोबर या म्हाताऱ्याचीच ओढ वाटू लागली. तो थोर राजा होता म्हणून म्हणाल, तर तसं काही नाही. राजा म्हणून तो बऱ्यापैकी कुचकामी होता असं माझं मत आहे. मुलांना 'नाही' म्हणणं त्याला आयुष्यभर जमलं नाही, आणि त्यापायी त्याचं शहर जळालं. पण त्याच मऊपणाच्या जोरावर त्यानं एका रात्री जे केलं, ते दुसऱ्या कुठल्याही कणखर राजाच्यानं झालं नसतं.

त्याचं मूळ घराणं काही मऊ नव्हतं. बाप लाओमेडॉन नंबरी लबाड. अपोलो आणि पोसायडन या देवांना त्यानं मजुरीवर ठेवलं आणि वर्ष भरल्यावर मजुरी बुडवून, कान कापण्याची धमकी देऊन हाकलून दिलं. ट्रॉयचा तो प्रसिद्ध तट पोसायडननं याच चाकरीत बांधला होता. पुढे ग्रीक वीर हेराक्लीसलाही त्यानं कबूल केलेले घोडे दिले नाहीत. हेराक्लीस फौज घेऊन आला, शहर लुटलं, लाओमेडॉनला आणि त्याच्या मुलांना मारलं. वाचला एकटा पोरगेला प्रायम, तोही बहीण हेसायनीमुळं. कैद्यांपैकी एकाला सोडवून न्यायची मुभा तिला मिळाली, आणि तिनं डोक्यावरचं वस्त्र काढून ते मोल म्हणून दिलं नि भावाला सोडवला. मोल देऊन माणूस सोडवून आणता येतो, हा धडा त्यानं स्वतःच्या जिवावर गिरवलेला. पुढे मोजत राहण्याची ती सवय त्याला कायमची लागली.

मग त्यानं शहर पुन्हा उभं केलं, श्रीमंत केलं, घर भरलं. हेक्युबाला पॅरिसच्या वेळी दिवस गेले असताना स्वप्न पडलं की आपल्या पोटातून जळतं लाकूड बाहेर आलं आणि त्यानं अख्खं शहर पेटलं. जाणत्यांनी सांगितलं, हे पोर ठेवू नका. प्रायमनं ते नोकराकरवी इडा पर्वतावर टाकून दिलं. तिथं म्हणे अस्वलीनं त्याला दूध पाजलं, धनगरांनी वाढवलं. काही वर्षांनी तो देखणा तरणाताठा गडी शहरातल्या खेळांत राजपुत्रांना हरवून गेला आणि त्याची ओळख पटली. आता राजानं काय करावं? भाकीत तेच होतं, धोका तोच होता. प्रायमनं त्याला मिठी मारली आणि घरात घेतलं. आयुष्यात एकदाच तो पोटच्या पोराशी कठोर वागला होता आणि तेही त्याला निभावता आलं नाही. मला यात दोष काढवत नाही, पण ट्रॉयची राख तिथूनच सुरू होते.

पॅरिस ग्रीकांच्या स्पार्टाहून हेलन ही दुसऱ्याची बायको घेऊन आला आणि तिच्यापायी ग्रीक ट्रॉयवर चालून आले, तेव्हाही हेच. सातव्या सर्गात एक सभेचा प्रसंग आहे. तो वाचताना मला हमखास आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यातली वाटणीची बैठक डोळ्यांपुढं येते. दिवसभर लढाई झालेली, प्रेतं मैदानात पडलेली. अँटेनॉर नावाचा शहाणा वृद्ध उठून सरळ सांगतो की हेलनला आणि तिच्याबरोबर आलेल्या संपत्तीला परत देऊन टाका, आपण तहाची शपथ मोडून लढतोय. पॅरिस उठतो आणि म्हणतो, बायको देणार नाही. संपत्ती हवी तर देतो, वर माझ्या पदरचीही घालतो. सगळ्यांचे डोळे राजाकडं. आणि प्रायम काय म्हणतो? आता सगळे जेवून घ्या, पहारे नीट ठेवा, उद्या सकाळी दूत जाऊन पॅरिसचं म्हणणं शत्रूला कळवेल, आणि प्रेतं जाळेपर्यंत लढाई थांबवता का तेही विचारेल. एवढंच! मुलाचा निरोप पोचवण्याची व्यवस्था त्यानं केली. हेलनबद्दल स्वतःचा शब्द घातलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दूत इडेअस ग्रीकांच्या छावणीत जातो, निरोप सांगतो, आणि पॅरिसचं नाव आल्यावर मध्येच स्वतःच्या मनातलं घालतो, 'तो आधीच मेला असता तर बरं झालं असतं.' नोकराला जे बोलवतं ते बापाला बोलवत नाही. त्याच दिवशी दोन्हीकडचे लोक आपापली प्रेतं शोधायला मैदानात उतरतात. ओळख पटत नाही म्हणून पाण्यानं रक्त धुऊन चेहरे बघतात. प्रायमनं आपल्या लोकांना मोठ्यानं रडायची मनाई केलेली असते. म्हणून ट्रॉयचे लोक गप्प राहून प्रेतं गाड्यांवर चढवतात. इतरांच्या पोरांसाठी शिस्त लावणं त्याला जमत होतं, हे इथं कळतं. माझं काळीज इथं त्याच्यावर जरा नाराज होतं.

पण मग तिसरा सर्ग आठवतो. तटावर वृद्ध मंडळी बसलेली आहेत, हेलन येते. या बाईपायी हजारो माणसं मेली, सगळं शहर तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघतं. प्रायम तिला हाक मारतो, ये पोरी, माझ्यापुढं बैस, तुझा पहिला नवरा, तुझे सोयरे तुला दिसतील. तुझा काही दोष नाही, दोष देवांचा. मग तिलाच विचारतो, तो धिप्पाड माणूस कोण, तो रुंद खांद्यांचा कोण. ती सांगते, हा अगामेम्नॉन, हा ओडिसिअस. युद्धाच्या ऐन धुमाळीत एक सासरा सुनेचं मन रमवतोय. थोड्याच वेळात पॅरिस आणि हेलनचा पहिला नवरा मेनेलाऊस यांच्या द्वंद्वाचा निरोप येतो. प्रायम खाली जाऊन शपथ घेतो आणि लगेच रथ वळवून घरी निघतो. पोराला लढताना बघणं माझ्यानं होणार नाही, असं शत्रूपुढं उघड सांगून. राजानं असं बोलावं? बापानं मात्र बोलावं.

या सगळ्या लेकांत लायकेऑन नावाचा एक आहे. त्याची गोष्ट फार कुणी सांगत नाही. तो हेक्युबाचा नाही, लाओथोई नावाच्या दुसऱ्या राणीचा. एका रात्री बापाच्या बागेत रथाच्या कठड्यासाठी अंजिराच्या कोवळ्या फांद्या तोडत असताना अकिलीसनं त्याला पकडलं आणि लेम्नॉस बेटावर विकलं. किंमत आली शंभर बैल. पुढे घराण्याच्या एका स्नेह्यानं भारी मोल देऊन त्याला सोडवलं, आणि फिरत फिरत तो घरी पोचला. अकरा दिवस मित्रांबरोबर मजेत काढले. बाराव्या दिवशी नदीकाठी पुन्हा अकिलीससमोर आला, हातात ना भाला ना ढाल. त्यानं अकिलीसचे पाय धरले. मी हेक्टरच्या आईच्या पोटचा नाही, एवढं तरी ध्यानात घे, म्हणाला. तोवर अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मेलेला होता, आणि मोल घेऊन माणसं सोडायचे दिवस संपले होते. अकिलीस म्हणतो, मर मित्रा, इतकं रडतोस कशाला, पॅट्रोक्लस तुझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता, तोही मेलाच. आणि पाय धरून प्रेत नदीत भिरकावतो.

आता बाविसावा सर्ग. ट्रॉयची सगळी फौज तटाच्या आत पळालेली, बाहेर एकटा हेक्टर. प्रायम तटावरून ओरडतोय, आत ये बाळा. आणि मधेच म्हणतो, मला लायकेऑन आणि धाकटा पॉलिडोरस दिसत नाहीत. कैद झाले असतील तर आपण तांबं, सोनं देऊन त्यांना सोडवू, घरात भरपूर आहे. आपल्याला ठाऊक आहे की दोघेही मेले. तो अजून मोलाचा हिशेब करतोय. पुढचं तर अंगावर काटा आणणारं. म्हातारा स्वतःचं मरण सांगतो: माझ्याच ताटाजवळ मी वाढवलेले दारातले कुत्रे माझं रक्त पितील, पांढऱ्या डोक्याची नि दाढीची विटंबना करतील. तरणा माणूस मेलेला पडला तरी शोभतो, म्हाताऱ्याचं तसं नसतं. शेजारी हेक्युबा उर उघडा करून म्हणते, याच स्तनांचं दूध प्यालास, त्याची तरी आण. हेक्टर ऐकत नाही. इथंही मुलगा बापाचं ऐकत नाही, पण निदान हा शरमेपोटी ऐकत नाही.

हेक्टर पडला. अकिलीसनं त्याचे पाय रथाला बांधले आणि फरफटत छावणीत नेलं. मग रोज पॅट्रोक्लसच्या समाधीभोवती तीन फेऱ्या. इकडं प्रायम अंगणात शेणात लोळतोय, स्वतःच्या हातांनी ते डोक्यावर, मानेवर थापतोय. खोल्याखोल्यांतून लेकी-सुनांचा आक्रोश. पुढे देवांचा राजा झ्यूस याचा निरोप येतो, मोल घेऊन जा आणि पोराला आण. प्रायम हेक्युबाला विचारतो. ती किंचाळते, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? त्याचं काळीज माझ्या हाती लागलं तर मी दातांनी तोडून खाईन. प्रायम म्हणतो, घरातच अपशकुन बोलू नकोस. मारलंच त्यानं तर मारू दे, पोराला एकदा मिठीत घेतलं की झालं.

यानंतर जे येतं ते मला सगळ्या महाकाव्यात फार घरगुती वाटतं. निघायच्या गडबडीत म्हातारा सगळ्यांवर डाफरतो. अंगणात जमलेल्यांना काठीनं हाकलतो, तुमच्या घरी रडायला काही नाही का? मग उरलेल्या नऊ लेकांना नावं घेऊन शिव्या घालतो, त्यांत पॅरिसही आलाच. हेक्टरच्या जागी तुम्ही सगळे मेला असता तर बरं होतं. चांगले होते ते गेले, राहिली ही लाज. खोटारडे, नाचे, आपल्याच लोकांची कोकरं नि करडं लुबाडणारे! इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या एका क्षणी बाहेर पडतं. आणि तेही कशासाठी, तर गाडी लवकर जुंपत नाहीत म्हणून. पोरं घाबरून गाडी काढतात. होमर ती गाडी अगदी सावकाश जुंपतो: नवी कोरी खेचरांची गाडी, वर बांधलेली वेताची पाटी, खुंटीवरून उतरवलेलं जू, नऊ हात लांब जोत्याचा दोर, तो तीनतीनदा गुंडाळून आवळलेला. ज्याच्या घरी प्रेत आणायला गाडी निघाली आहे त्याला ही सावकाशी कळेल. अशा वेळी माणसं दोराच्या गाठीसुद्धा नीट बघतात.

गाडीत मोल भरलं जातं. प्रत्येक जातीची बारा बारा वस्त्रं, दहा टॅलेंट (जुनं ग्रीक वजन) सोनं, दोन तिवया, चार हंडे, आणि थ्रेसच्या लोकांनी दिलेला एक सुंदर पेला. तो पेलाही त्यानं मागं ठेवला नाही, असं होमर मुद्दाम नोंदवतो. खेचरं इडेअस हाकतोय, तोच तो जुना दूत, आणि घोड्यांचा रथ म्हातारा स्वतः. वाटेत देवांचा निरोप्या हर्मीस तरुण शिपायाच्या रूपात भेटतो आणि पहारेकऱ्यांना झोपवून दोघांना आत नेतो.

अकिलीसचं जेवण नुकतंच आटोपलंय, पाट-ताटाचा पसारा अजून समोरच. प्रायम कुणाला न दिसता आत येतो, त्याचे गुडघे धरतो आणि ते हात चुंबतो. होमरच्या शब्दांत ते भयंकर, माणसं मारणारे, त्याच्या कित्येक पोरांना मारलेले हात. म्हणतो, तुझ्या बापाला आठव, तो माझ्याच वयाचा. तो निदान तू जिवंत आहेस हे ऐकून रोज वाट बघत असेल. माझे पन्नास होते. ज्यानं माझ्या पोराला मारलं त्याचा हात मी ओठांशी नेलाय, असं पृथ्वीवर कुणी केलेलं नाही. अकिलीस हळूच त्याचा हात बाजूला सारतो आणि दोघं रडायला लागतात. प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी.

मराठी वाचकाला इथं धृतराष्ट्र आठवल्याशिवाय राहत नाही. शंभर पोरांचा बाप, त्यालाही मुलाला 'नाही' म्हणता आलं नाही. युद्ध संपल्यावर पोरांना मारणारा भीम समोर येतो तेव्हा तो आंधळा म्हातारा मिठी मारायला हात पसरतो, आणि कृष्णानं पुढं केलेला लोखंडी पुतळा त्या मिठीत चुरडून जातो. व्यासांना त्या बापाच्या मिठीतला राग दिसला. होमरकडं राग आहे तो तरुणाच्या अंगात. प्रायम घाई करतो, बसायला नको, आधी पोरगा दे, तेव्हा अकिलीस गुरकावतो की मला चिडवू नकोस म्हाताऱ्या. तो दासींना प्रेत दूर नेऊन धुवायला सांगतो. प्रेत बघून बापाला राग अनावर झाला तर आपलाही तोल जाईल आणि आपण याला मारून बसू, ही भीती त्याला आहे. प्रायमकडून तसं काही घडत नाही. मान खाली घालायची त्याला सवयच होती, कधी पॅरिसपुढं, कधी नशिबापुढं. शेवटची मान त्यानं अकिलीसपुढं घातली.

मग अकिलीस म्हणतो, जेव. आणि नायोबीची गोष्ट सांगतो. तिची बारा मुलं देवांनी मारली, नऊ दिवस ती प्रेतं रक्तात पडून होती, दहाव्या दिवशी देवांनीच पुरली, आणि रडून थकल्यावर तिलाही जेवण आठवलं. आपल्याकडं सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे डबे घेऊन येतात नि 'कडू घास' म्हणून दोन घास बळेच खायला लावतात. तेच हे. फरक इतकाच की इथं घास भरवणारा मारेकरीच आहे. मेंढरू कापलं जातं, अकिलीस स्वतः मांस वाढतो. जेवण झाल्यावर दोघं एकमेकांकडं नुसते बघत बसतात. प्रायम म्हणतो, आता झोपू दे. पोरगा गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही. क्रियाकर्माला किती दिवस हवेत, अकिलीस विचारतो. प्रायम मोजतो: नऊ दिवस घरात रडू, दहाव्याला दहन नि जेवण, अकराव्याला समाधी, बाराव्याला पुन्हा लढू, लढावंच लागलं तर.

त्या शेवटच्या तीन शब्दांसाठी मी हा सर्ग पुन्हा पुन्हा वाचतो. त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं तेव्हाच युद्ध थांबवलं असतं. पण विचारणारं कुणी नव्हतं, आणि आपण होऊन ठरवणं हे त्यानं कधीच केलं नव्हतं.

अॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात प्रायमचं उदाहरण घेतलंय. आयुष्यभर भरभराटीत राहिलेला माणूस म्हातारपणी प्रायमसारख्या संकटांत सापडला तर त्याला सुखी म्हणायचं का? तर नाही. हाइनरिश श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याला मात्र त्याची भरभराटच हवी होती. 1873 मध्ये तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकाडात त्याला सोन्याचा साठा सापडला, त्यानं तो 'प्रायमचा खजिना' म्हणून जाहीर केला, चोरून देशाबाहेर नेला आणि दागिने बायकोच्या अंगावर घालून फोटो काढले. नंतर कळलं की ते सोनं होमरच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्याही हजारेक वर्षं आधीचं. ते बर्लिनला गेलं, 1945 मध्ये सोव्हिएत सैन्यानं उचललं, आणि 1996 मध्ये मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात मांडलं गेलं. प्रायमचं त्यात काहीच नाही. खरा प्रायम होता की नव्हता हेच मुळी कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

त्याची दुःखं मात्र आपल्या बाजूपर्यंत पोचली असावीत, निदान ग्रीकांना तसं वाटत होतं. पहिल्या शतकातला वक्ता डिओ क्रिसोस्टम म्हणतो की हिंदुस्थानातले लोक होमर आपल्या भाषेत गातात. प्रायमची संकटं, हेक्टरची बायको अँड्रोमकी आणि हेक्युबा यांचे विलाप त्यांना ठाऊक आहेत. बहुतेक अभ्यासक म्हणतात की कुणीतरी महाभारत ऐकलं असेल आणि त्यालाच होमर समजला असेल. मला तर ही गफलत आवडते. आणि अगदीच गफलत तरी कशी म्हणावी? पेशावरच्या खोऱ्यात सापडलेला गांधार शैलीतला एक दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर ट्रॉयच्या लाकडी घोड्यासारखा चाकांवरचा घोडा आहे, त्याच्या छातीला भाला लावणारा माणूस आहे, आणि वेशीत हात वर करून उभी असलेली बाई आहे. ती प्रायमची मुलगी कॅसान्ड्रा असावी. खरं सांगायचं पण कुणी विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा शाप. म्हणजे या घराण्यात एक बोलणारी होती आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

प्रायमचा शेवट 'इलियड'मध्ये येत नाही, तो रोमन कवी व्हर्जिलनं लिहिला. शहर पडलेल्या रात्री म्हातारा थरथरत जुनं चिलखत चढवतो. हेक्युबा त्याला देवघराच्या वेदीपाशी ओढून बसवते, आता या हत्यारांचा काय उपयोग म्हणते. तेवढ्यात अकिलीसचा मुलगा निऑप्टोलेमस प्रायमचा पोरगा पोलायटीस याला पाठलाग करत त्याच्या डोळ्यांदेखत मारतो. प्रायम एक भाला फेकतो, तो ढालीवर आपटून लोंबकळतो. तुझा बाप असा नव्हता, म्हणतो, त्यानं मला माझा पोरगा परत दिला होता. निऑप्टोलेमस त्याला पोराच्या रक्तात घसरत घसरत वेदीशी ओढतो आणि तलवार खुपसतो. ज्या म्हाताऱ्याच्या मृतदेहाची त्याला स्वतःलाच भीती होती, त्याचं धड पुढे किनाऱ्यावर पडून राहतं, डोक्याविना, नावाविना.

तो सुटला, हेक्युबा उरली. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकांत ती सगळं एकेक करून बघते. मुलगी पॉलिक्सेना अकिलीसच्या समाधीवर बळी जाते. हेक्टरचा तान्हा पोरगा तटावरून फेकला जातो, आणि आजी त्याला बापाच्याच ढालीवर ठेवून पुरायला देते. ज्यात हे आहे ते 'ट्रोजन बायका' नाटक 415 साली, ख्रिस्तपूर्व, अथेन्समध्ये रंगमंचावर आलं. आदल्या वर्षी अथेन्सनं मेलोस बेटावरचे पुरुष मारून बायकापोरं गुलाम केली होती, ते प्रेक्षकांच्या ध्यानात होतंच.

तिचा शेवटचा आधार होता धाकटा पॉलिडोरस. होमरकडं तो रणात मरतो. युरिपिडीसकडं युद्ध वाढतंय हे बघून प्रायमनं त्याला थ्रेसच्या राजाकडं ठेवायला पाठवलेला असतो. राजा पॉलिमेस्टर जुना स्नेही. पोराबरोबर प्रायमनं गुपचूप भरपूर सोनं दिलं होतं, ट्रॉय पडलंच तर त्याला कुठं हात पसरायला लागू नये म्हणून. ट्रॉय पडलं आणि स्नेह्यानं त्याच सोन्यासाठी पोराला मारून समुद्रात टाकलं. लाटांबरोबर किनाऱ्याला लागलेलं प्रेत दासीनं हेक्युबापुढं आणून ठेवलं. तिनं पॉलिमेस्टरला निरोप धाडून त्याच्या दोन मुलांसह बोलावलं, आणखी सोनं पुरलेलं आहे म्हणून जागा सांगितली, आणि लपवून आणलेला ऐवज दाखवते म्हणून तंबूत नेलं. आत ट्रॉयच्या बायका त्याच्या पोरांचं कौतुक करत त्यांना एकीच्या हातातून दुसरीकडं देत बापापासून दूर नेत गेल्या. मग कपड्यांतून हत्यारं निघाली. मुलं मारली आणि बापाचे डोळे वस्त्रांच्या टाचण्यांनी फोडले. प्रायमनं शत्रूचे हात चुंबले होते. हेक्युबानं तो निघाला तेव्हाच सांगितलं होतं की आपण काय केलं असतं.